टोमणा स्टेटसवर, अबोला घरात

परवा दुपारी शाळा सुटल्यावर कल्याणहून घरी येत होते. कल्याण ते विठ्ठलवाडी म्हणजे एकाच स्टेशनाचा प्रवास. पण बायकांच्या डब्यात कान उघडे ठेवले, की तेवढ्या वेळातसुद्धा एखादा अख्खा संसार ऐकून होतो. माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एकीने दुसरीपुढे मोबाइल धरला.

"हे बघ, काय टाकलंय तिने. माझ्यासाठीच आहे हे."

"पण तुझं नाव कुठंय त्यात?"

"नाव कशाला हवं? मला कळतं ना!"

"मग सरळ विचार की तिला."

"मी का विचारू? मीपण टाकलंय एक. बघू दे तिला."

स्टेशन आलं, मी उतरले. आधी हसू आलं. पण पूल चढता चढता ते हसू ओसरलं. कारण त्या दोघींपैकी पहिली बाई म्हणजे गेल्या वर्षीची मीच होते!

आज तीच गोष्ट तुम्हांला सांगणार आहे. सांगताना थोडी लाज वाटते आहे, पण या पानावर आपण लोणच्याला बुरशी का आली हे लपवत नाही, तर नात्याला ती का आली हे तरी का लपवावं?

आमच्याकडे गौरी असतात. सासूबाई धाकट्या दिरांकडे बदलापूरला राहतात, पण गौरी बसतात त्या थोरल्या घरी, म्हणजे आमच्याकडे विठ्ठलवाडीला. मी शाळेतून अर्धा दिवस नोकरी करणारी, त्यामुळे आदल्या रात्रीपर्यंत माझी नुसती तारांबळ. धाकटी जाऊ मात्र पुरण घरूनच वाटून, मोठ्या डब्यात भरून, पहाटेच्या लोकलने आली. आल्या आल्या पदर खोचला आणि गौरींना साड्या नेसवायला बसली. साडी नेसवण्याची तिची हातोटी अशी, की निऱ्या मोजून घ्याव्यात. मला ते कधीच जमलेलं नाही. माझ्या हातची गौर नेहमी घाईघाईने लग्नाला निघाल्यासारखी दिसते.

आरती झाली. मी फोटो काढला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकला. खाली लिहिलं, 'दोन दिवसांची धावपळ सार्थकी लागली. एकटीच्या हातांनी, पण मनापासून.'

ते 'एकटीच्या' कुठून आलं, मला विचारू नका. लिहिताना बरं वाटलं, एवढंच आठवतं. मग कौतुक सुरू झालं. मामेसासूबाई, शाळेतल्या बाई, कॉलेजच्या मैत्रिणी. "काय सुरेख नेसवली आहेस गं साडी!" आणि मी प्रत्येकीला हात जोडल्याचं चित्र पाठवून "थँक्यू" म्हणत होते. जाऊ त्या वेळी माझ्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती.

दोन दिवसांनी तिचं स्टेटस आलं. 'करणारे करत राहतात, मिरवणारे मिरवून घेतात.' मागे सूर्यास्ताचं चित्र. मी वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. चूक कोणाची हे आत कुठेतरी ठाऊक होतं, म्हणूनच जास्त. मीही शोधून एक सुविचार लावला. मग तिने एक. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. 'पाहिलेल्यांच्या' यादीत तिचं नाव दिसलं की मला समाधान वाटे, आणि तिलाही तसंच वाटत असणार. दिवाळीला भेटलो, फराळ केला, मुलांनी फटाके उडवले, पण आम्ही दोघी "मीठ दे", "ताट घे" यापलीकडे बोललो नाही. गौरी गेल्या त्या भाद्रपदात आणि आमचा अबोला पोचला मार्गशीर्षापर्यंत!

आता तुम्ही म्हणाल, जावाजावांचं बिनसणं काय नवीन आहे? खरंच नाही. बायका पूर्वीही आपलं दुःख आणि टोमणे आडून बोलतच होत्या. जात्यावरच्या ओव्या आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. त्यांत सासू आहे, नणंद आहे, माहेरचा भाऊ आहे, रुसवा आहे, सगळं आहे. पण जातं ओढायला पुष्कळदा दोघी बसत. ओवी गाणारीच्या समोर, त्याच खुंट्याला हात लावून, दुसरी बसलेली असे. ती आवाज ऐके, डोळ्यांतलं पाणी बघे, आणि पुढची ओवी तीच घेई. म्हणजे ओवीला उत्तर मिळे.

योगायोग पाहा, व्हॉट्सॲपवर चोवीस तासांनी पुसलं जाणारं हे चित्रांचं स्टेटसही २०१७ सालच्या फेब्रुवारीतच आलं. त्याआधी काही महिने, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ सुरू झालं होतं आणि इंटरनेट इतकं स्वस्त झालं, की आपल्यासारख्या घरांत एकाचे चार मोबाइल झाले. आता मनातलं सांगायला जातं नको, समोर कोणी बसायला नको. बोलायचं सर्वांना, म्हणजे खरं तर कोणालाच नाही. ज्याच्यासाठी आहे त्याने ओळखून घ्यावं. आणि ओळखलं तरी त्याला विचारायची सोय नाही. विचारलं तर आपण हात झटकून मोकळ्या! "छे गं, मी सहजच टाकलं होतं."

पण मला यापेक्षा वेगळीच गोष्ट सांगायची आहे. भांडण टोमण्याने वाढलं, पण सुरू झालं ते माझ्या 'एकटीच्या' या शब्दाने. तो शब्द मी लोकांसाठी लिहिला, आणि दोन दिवसांत मला स्वतःलाच तो खरा वाटू लागला. मी म्हणजे नोकरी सांभाळून एकटीने गौरी बसवणारी बाई! एकदा ही बाई मला आवडू लागल्यावर, खरं काय ते ठाऊक असणारी जाऊ मला नकोशी झाली. ती समोर आली की माझं चित्र पुसलं जाणार, ही भीती. मग तिच्याशी बोलणार तरी कशी?

बी.ए.ला मला समाजशास्त्र होतं. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलेलं आता उपयोगी पडलं. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली लिहून ठेवलं, की माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या आरशात पाहतो. मी त्यांना कशी दिसत असेन, त्यांना माझ्याबद्दल काय वाटत असेल, याची कल्पना करतो आणि त्यावरून अभिमान किंवा शरम बाळगतो. कूलीच्या काळचे आरसे म्हणजे बोलती माणसं. आई, शेजारीण, जाऊ. त्या कौतुक करत, तशाच "काय गं, हे काय केलंस?" असंही म्हणत. मोबाइलच्या आरशात बहुतेक नुसते अंगठे आणि बदाम. तो आरसा खोटा नाही, पण अर्धा आहे. आपण जेवढं दाखवलं, तेवढ्यालाच तो उत्तर देतो.

दुसरा अर्व्हिंग गॉफमन. १९५६ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात तो म्हणतो, की आपण सगळेच चारचौघांत थोडं नाटक करतो. एक रंगमंच असतो आणि एक पडद्यामागची खोली. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवर त्याने एक हॉटेल जवळून पाहिलं होतं. तिथली माणसं जेवणघरात एक असत आणि स्वयंपाकघरात दुसरी. आपल्याला हे सांगायला शेटलंड कशाला हवं? बाहेरच्या खोलीत गौरींची आरास आणि आत ओट्यावर सांडलेलं पुरण, हे आपण जन्मभर पाहतो आहोत. पण पडद्यामागच्या खोलीतल्या दोघी एकमेकींच्या साक्षीदार असतात. त्यांच्यात एक न बोललेला करार असतो, की बाहेर तू मला सांभाळ, मी तुला सांभाळते. मी एकटीने बाहेर जाऊन टाळ्या घेतल्या. करार मोडला तो मी.

हे फक्त आपल्या वयाच्या बायकांचं आहे असं मात्र समजू नका. मी नववीच्या मुलींना मराठी शिकवते. तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी त्यांना 'मी कोण?' यावर पाच वाक्यं बोलायला सांगितली. लिहायला सांगितलं असतं तर पानं भरली असती. पण उभं राहून बोलायचं म्हटल्यावर बऱ्याच जणींची दुसऱ्या वाक्यातच गाडी अडली. एक म्हणाली, "बाई, माझं इन्स्टावर सगळं आहे, ते दाखवू का?" वर्ग हसला, पण ती चेष्टा करत नव्हती. तिला खरोखरच तेच उत्तर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी उलट केलं. आपल्याबद्दल नको, बाकावरच्या शेजारणीबद्दल पाच वाक्यं सांगा. आणि काय गंमत! "ही डबा खाताना भाजी आधी संपवते." "हिला गणित येत नाही म्हणते, पण मला हिनेच शिकवलं." "ही रडू आलं की खिडकीकडे बघते." ती इन्स्टावाली मुलगी ऐकताना एकदम गप्प झाली. तिच्या शेजारणीने सांगितलं होतं, की ही वर्गात कोणी आजारी पडलं तर न सांगता वही पूर्ण करून देते. ते तिच्या इन्स्टावर कुठेही नव्हतं. स्वतःची ओळख आपल्यालाच पूर्ण नसते. तिचा एक मोठा तुकडा शेजारच्या बाकावर असतो, आणि तो बोलल्याशिवाय हाती येत नाही.

हे मी मुलींना शिकवत होते खरी, पण माझ्या शेजारच्या बाकावरची बदलापूरला रुसून बसली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सासूबाईंना चक्कर आली. जावेने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'आईंना बरं नाही, दवाखान्यात नेतेय.' एरवी तिने मला फोनच केला असता. पण अबोला होता ना! आणि तो ग्रुप मी कधीच मुका करून ठेवला होता, तिचे सुविचार दिसू नयेत म्हणून. ह्यांनी ऑफिसात वाचलं, त्यांना वाटलं मलाही ठाऊक असणार. मी शाळा, बाजार, गिरणी सगळं उरकून संध्याकाळी मोबाइल उघडला. तोवर सासूबाई घरी परतल्यासुद्धा होत्या. रक्तदाब उतरला होता, दुसरं काही नव्हतं. पण काही असतं तर? दिवसभर त्या विचारत होत्या म्हणे, "थोरली आली नाही का गं?"

मी तशीच निघाले. उल्हासनगर, अंबरनाथ मागे पडत होतं आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. एकदा मोबाइलवर लांबलचक लिहिलंही. लिहायला इतकं सोपं गेलं! मग पुसून टाकलं. स्वयंपाकघरात गेले, जाऊ भात टाकत होती, आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "मटार काय भाव मिळाले गं?" रोज तीस मुलींपुढे बोलणारी मी, पण ते एक वाक्य ओठांवर येईना. चार महिने बोलले नाही तर जीभही गंजते, बरं का.

शेवटी म्हटलं, "गौरींच्या साड्या तू नेसवल्या होत्यास. मी कोणालाच सांगितलं नाही. चुकलं माझं."

ती बराच वेळ भातच ढवळत राहिली. मग म्हणाली, "ताई, मला काही फोटोत यायचं नव्हतं. पण मावशींनी मलाच फोन केला. म्हणाल्या, थोरलीकडून साडी नेसवायला शिकून घे जरा."

मैत्रिणींनो, हे मला ठाऊकच नव्हतं! चार महिने मी समजत होते, की ती माझ्या कौतुकावर जळते आहे. तिला लागलं होतं ते वेगळंच. कुठल्याच स्टेटसवर हे मला कळलं नसतं. त्या दिवशी आम्ही दोघी रडलो, आणि मग साहजिकच भात लागला. सासूबाई आतून म्हणाल्या, "आम्हीपण जावाजावा भांडायचो. पण सकाळी ओट्यापाशी सुरू झालेलं भाकऱ्या होईतो मिटायचं. तुमचं भांडण चाललंय, हेच मला चार महिने कळलं नाही!"

मोबाइलला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. २०२० च्या टाळेबंदीत त्याच खिडकीतून आपण माहेरची माणसं पाहिली. घरबसल्या मसाले, पापड विकणाऱ्या कितीतरी जणींना त्याच स्टेटसने गिऱ्हाईक मिळवून दिलं आहे. आणि चारचौघांत तोंड न उघडणारी एखादी सून मैत्रिणींच्या ग्रुपवर किती छान लिहिते! तिला तिथे आवाज सापडला, तर चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की तिथे जी 'मी' आपण मांडतो, तिच्यासाठी घरातल्या माणसाशी बोलणं गहाण टाकू नये.

त्यासाठी मी काही गोष्टी पाळायचं ठरवलं आहे. तुम्हीही करून पाहा.

पहिली गोष्ट, फोटो टाकण्याआधी हात मोजा. रांगोळीमागे, फराळामागे, मुलाच्या वाढदिवसामागे किती हात होते? त्या माणसाला विचारून त्याचं नाव लिहा. आणि आपल्या वाट्याचं नसलेलं कौतुक आलं, तर लगेच ज्याचं त्याला देऊन टाका. उधारीवर घेतलेल्या कौतुकाचं व्याज फार असतं.

दुसरी, स्टेटसला स्टेटसने उत्तर देऊ नका. एक रात्र जाऊ द्या. मग फोन करा आणि म्हणा, "तुझं स्टेटस पाहिलं. माझ्यासाठी होतं का? असेल तर मला ऐकायचं आहे." पुष्कळदा ते आपल्यासाठी नसतंच. असलं, तरी विचारणारीवर रागावणं कठीण जातं.

तिसरी, त्या दोन निळ्या खुणा. २०१४ च्या नोव्हेंबरपासून त्या आपल्या मानगुटीवर बसल्या आहेत. "वाचलं, पण उत्तर नाही!" अहो, तिचे हात कणकेत असतील, मूल रडत असेल. वाचलं म्हणजे उत्तर द्यायला मोकळी आहे, असं नव्हे. फारच त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हसीत 'रीड रिसीट्स' बंद करा. मात्र मग दुसऱ्यांच्या खुणाही तुम्हांला दिसणार नाहीत, आणि ग्रुपवर ही सोय चालत नाही.

चौथी, आजारपण, मृत्यू, पैशाची अडचण आणि माफी या चार गोष्टी लिहून कळवायच्या नाहीत. आवाजानेच कळवायच्या. कितीही अबोला असला तरी.

पाचवी, रोज एका तरी माणसाला आपली एक फजिती सांगा. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला. नव्वद वर्षं होऊन गेली, तरी त्या आपल्याला घरच्या वाटतात, कारण त्यांनी स्वतःची फजिती झाकली नाही. बिघडलेली भाजी सांगणारीशी माणसं बोलायला येतात. सदा साजऱ्या दिसणारीला नुसता अंगठा दाखवून पुढे जातात.

आणि सहावी, मुलांना बोलायला लावा. आजीला फोन त्यांनाच करू द्या. दुकानदाराला भाव त्यांनाच विचारू द्या. आधी अडखळतील. आपणही अडखळतोच की मटारांपाशी!

यंदा गौरी बसतील तेव्हा साड्या जाऊच नेसवणार आहे. पण एक गौर तिने मला शिकवत माझ्याकडून नेसवून घ्यायची, असं ठरलं आहे. ती बहुधा लग्नाला निघाल्यासारखीच दिसेल. फोटो निघेलच. त्याखाली काय लिहायचं ते आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून ठरवणार आहोत.

तुमच्याही मनात कोणाचं तरी एखादं स्टेटस सलत असेल. हे पान वाचून झालं की आधी तिला फोन लावा. मग काय झालं ते मला जरूर कळवा.